नाच वाचताना पाय विसरू नका : जाखडी, दशावतार आणि समीक्षेचे सिद्धांत

गेल्या गणपतीनंतर आमच्या अभ्यासगटातल्या एका मुलीने जाखडीवर, म्हणजे कोकणात गणपतीत फेर धरून नाचतात त्या नाचावर, दोन पानी परीक्षण लिहून आणलं. त्यात पितृसत्ता होती, वर्चस्व होतं, 'पुरुषी नजर' तर चार ठिकाणी होती. पाय मात्र कुठेच नव्हता. ज्या नाचात रात्रभर पाय आपटले जातात त्याच्यावर दोन पानं, आणि 'पाय' हा शब्द एकदाही नाही! मी एवढंच विचारलं, "चाळ कुठल्या पायात होते गो?" ती जरा थांबून म्हणाली, "दोन्ही असतील ना, सर." तिने पाहिलेल्या मंडळातली पोरं एकाच पायात, उजव्या, चाळ म्हणजे घुंगरं बांधून नाचत होती.

चूक तिची एकटीची नाही. समीक्षेचे सिद्धांत आपण शिकतो ते कथा-कवितेच्या तासाला. कविता कागदावर थांबते, नाच संपला की संपला. मग जे हाताशी उरतं तेच माणूस धरतो: गाण्याचे शब्द, आख्यानाची गोष्ट, फार तर पोशाख. सिद्धांत त्या शब्दांना जाऊन चिकटतो आणि नाचणारं शरीर बाजूलाच राहतं. पोरांबरोबर रत्नागिरी-सिंधुदुर्गात हिंडताना कामाचा जो क्रम हळूहळू बसला, तो इथे मांडतो. कथक किंवा बॅलेलाही तो चालतो. उदाहरणं इथली घेतली, कारण ती तुम्हाला याच वर्षी जाऊन पाहता येतील.

एकच नाच धरा

'जाखडी' या विषयावर लिहू नका. अमक्या वाडीत, अमक्या रात्री, अमक्या मंडळाने केलेल्या एका गौळणीवर लिहा. सहा-आठ मिनिटांचा तुकडा पुष्कळ झाला. वहीच्या पहिल्या पानावर तारीख, निमित्त, वेळ, सुपारी कोणी दिली, बायका कुठे बसल्यात, म्हातारे कुठे, हे टिपा. जमीन कसली आहे तेही लिहा. सारवलेल्या अंगणात पाय दबतो, लादीवर तोच पाय वाजतो, आणि लाकडी रंगमंचावर तर आठ जणांचा ठेका गडगडाटासारखा येतो. नाच तोच असला तरी त्याचं वजन बदललेलं असतं.

शक्य असेल तर तीनदा पाहा. पहिल्यांदा हात रिकामे ठेवून, दुसऱ्यांदा फक्त कमरेखाली, तिसऱ्यांदा फक्त नजरा आणि हात. जत्रेत तीनदा कोण दाखवणार, म्हणून तिथे तिघांनी जायचं आणि वाटणी करून घ्यायची. बुवांची, म्हणजे मुख्य गायकाची, परवानगी घेऊन मोबाइलवर चित्रण केलं असेल, तर घरी एकदा आवाज बंद करून पाहा आणि एकदा चित्र झाकून नुसतं ऐका. आवाज बंद केला की कळतं, आपल्या अंगावर काटा आणणाऱ्या निम्म्या जागा ढोलकीच्या होत्या.

आधी क्रियापदं, मग बाकीचं

पहिल्या दोन पानांवर विशेषणांना बंदी. डौलदार, लयबद्ध, मनमोहक, जल्लोषपूर्ण हे चार शब्द तर कायमचेच हद्दपार. त्यांनी नाच दिसत नाही, लिहिणाऱ्याचा उत्साह तेवढा दिसतो.

वर्णनासाठी हालचालीचा अभ्यासक रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) याची पद्धत मला सोयीची वाटते. हालचालीच्या जोराबद्दल तो चार प्रश्न विचारतो: वजन दाबून टाकलंय की हलकं, वेळ झटक्याचा की लांबवलेला, दिशा नेमकी की पसरट, आणि ओघ मोकळा की रोखलेला. त्याची चिन्हलिपी शिकायची गरज नाही, पानावर चार उभे रकाने आखले की काम भागतं. आमच्या वहीतला एक तुकडा देतो:

"आठ जण. तोंडं आत, मध्ये बसलेल्या बुवा आणि ढोलकीकडे. उजवा पाय जमिनीत घालतात, गुडघा सैल. डावा मागून ओढला जातो. ठेका बदलला की कमरेत वाकून गिरकी. गिरकी झटक्याची, पण थांबणं रोखलेलं, जणू कुणी पाठीमागून सदरा धरलाय. दुसऱ्या क्रमांकाचा पोरगा किंचित मागे, त्याची नजर पुढच्याच्या टाचेवर. गिरकीनंतर श्वासाला जागा नाही."

यात अर्थ काहीच सांगितलेला नाही, तरी त्या टाचेवरच्या नजरेवर पुढे अख्खा लेख उभा राहू शकतो.

दुसरी चाळणी भरताच्या नाट्यशास्त्राची: आंगिक (अंगाचा अभिनय), वाचिक (वाणीचा), आहार्य आणि सात्त्विक (आतल्या भावाने आपोआप अंगावर उमटणारा). आहार्यात पोशाख आणि रंगभूषा येते, तिथे आजचे चमचमते गणवेशही लिहा, नाकं मुरडू नका. सात्त्विकाशी मात्र एक गंमत आहे. भरताच्या आठ सात्त्विक भावांत स्वेद, म्हणजे घाम, आहे. पण जाखडीतल्या पोराच्या पाठीवरचा घाम राधेला पाहून आलेल्या कृष्णाचा, की दिवसभर काम करून रात्री नाचणाऱ्या माणसाचा? शास्त्राला पहिला हवा आणि आपल्याला दोन्ही दिसतात. अशी फट सापडली की तिथे बोट ठेवून पुढे जायचं.

खटकतं ते शोधा

वर्णन झालं की दोन गोष्टी पाहा: काय परत परत येतं, आणि कधी मोडतं. गण, गौळण, मग सवाल-जवाब हा क्रम सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या आत फेर केव्हा आवळतो, केव्हा सैल पडतो, ठेका दुप्पट होताना पहिला पाय कुणाचा उचलला जातो, हे पाहा. आणि एक तरी अशी गोष्ट काढा जी सहज समजत नाही. आम्हाला सापडल्या त्या पाठी. आठही जणांची तोंडं आत, म्हणजे अंगणाच्या कडेला बसलेल्या माणसाला पाठी दिसतात. मग हा नाच नक्की कुणासाठी चाललाय?

सिद्धांत या प्रश्नानंतर येतो. 'मी स्त्रीवाद लावणार' असं घरूनच ठरवून गेलेला माणूस अंगणात स्त्रीवादच बघतो. प्रश्न आधी ठेवा, मग तो कुठल्या कपाटात उलगडेल ते शोधा.

खुणांचा प्रश्न असेल तर चिन्हमीमांसा. दशावतारात, म्हणजे इथल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या नाटकात, रंगमंचावर एक लाकडी बाकडं असतं. राजा बसला की ते सिंहासन. त्याच रात्री तेच बाकडं आणखी काय काय होतं त्याची यादी करा, आणि प्रत्येक वेळी ते 'होतं' ते शब्दाने, की बसण्याच्या ढबीने, की पखवाजाच्या बोलाने, हे लिहा. चिन्हाचा अर्थ चिन्हात नसून त्याच्या शेजारपाजारात असतो, हे भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरचं म्हणणं पुस्तकापेक्षा तिथे लवकर पटतं.

रसाचा प्रश्न असेल तर संकासुर घ्या. आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगात, तो वेद चोरणारा असुर, विष्णूच्या हातून मरणारा. पण गावाची टर उडवायची मुभा त्यालाच, आणि बोलतो तो मालवणीत. त्याचं येणं, वेश, चाल हे सगळं नाट्यधर्मी, रंगभूमीच्या संकेतांचं; भाषा मात्र तुमच्या माझ्या ओट्यावरची, लोकधर्मी. 'इथे हास्यरस आहे' असं लिहून सुटू नका. विभाव (भाव जागवणारं कारण) काय, अनुभाव (तो भाव दाखवणारी अंगावरची खूण) काय, आणि हशा नेमका कधी पिकतो: वाक्यावर, की वाक्याआधी तो पाऊल अधांतरी धरून थांबतो तेव्हा? आम्ही मोजलं, बहुतेक वेळा पावलावर.

बाई कोण, बघतंय कोण

हा भाग जरा सावकाश घेऊ, कारण सगळ्यांत जास्त घाई इथेच होते.

चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये 'पुरुषी नजरे'ची मांडणी केली ती हॉलिवूडच्या सिनेमाबद्दल. कॅमेरा, नायक आणि प्रेक्षक या तिघांची नजर एक होते आणि पडद्यावरची बाई बघण्याची वस्तू बनते. जत्रेत कॅमेरा नाही. दशावतारातली राणी परंपरेने पुरुषच. रात्री दोन वाजता तिच्याकडे टक लावून बसलेल्यांत लेकरं मांडीवर घेतलेल्या बायका पुष्कळ. तेव्हा मल्वीबाईंचा सिद्धांत उचलून तसाच इथे ठेवला तर तो पोकळ वाजतो. त्यांचा प्रश्न मात्र घ्यावा: कोण कुणाकडे बघतं, आणि ते बघणं कोण घडवतं? प्रत्यक्ष नजरा मोजा. राणी प्रेक्षकांकडे केव्हा बघते? बायकांच्या बाजूला की पुरुषांच्या? आमच्या एका विद्यार्थिनीने टिपलं की तिने पाहिलेल्या प्रयोगात विलापाच्या जागी स्त्रीपार्टी नट दर वेळी बायका बसल्या होत्या त्या बाजूला वळत होता.

तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांचं १९९० चं म्हणणं इथे जास्त कामाला येतं. बाईपण-पुरुषपण हे आत कुठे दडलेलं नसतं, वारंवार केलेल्या कृतींतून ते घडतं. स्त्रीपार्टीला विचारा, चाल कुठे शिकलास? बहुतेकदा उत्तर एखाद्या जुन्या नटाकडे बोट दाखवतं. म्हणजे तो घरातल्या बाईची नक्कल करत नाही, आधीच्या स्त्रीपार्टीची करतो. मराठी माणसाला हे नवं वाटू नये. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) लुगड्याची ढब त्या काळच्या घरंदाज बायकांनी उचलली. मूळ कोण आणि नक्कल कोण?

आता त्या मुलीच्या जाखडीकडे परत येऊ. जाखडीतल्या दोन पक्षांच्या सवाल-जवाबात, म्हणजे शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात, तुरेवाले शिवाचा मोठेपणा गातात, शक्तीवाले शक्तीचा. म्हणजे एका बाजूला पुरुषांचा अख्खा ताफा स्त्रीतत्त्व श्रेष्ठ म्हणून गळा फोडतो आणि त्याच रात्री गौळणीत गवळणींची वाट अडवतो. 'पितृसत्ता' हा एक शब्द दोन्हींवर टाकला की हा पेच बुजतो. पाहायचं ते असं: शक्तीचं गाणं आणि गौळण यांत अंग बदलतं का? छाती कुठे वर येते, खांदा कुठे पडतो? आता बायकांचे संघही फेर धरतात. तोच पदन्यास बाईच्या पायात आला की तो तोच राहतो का, हा तर स्वतंत्र लेखाचा ऐवज.

पाठी, घाम आणि नाट्यगृह

पाठींचा आमचा प्रश्न शेवटी श्रम आणि जात यांच्या दाराशी गेला. जाखडी प्रामुख्याने कुणबी समाजाची. हा समाज पिढ्यान्‌पिढ्या खोतांचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचं, कूळ म्हणून राबला. खोतीविरोधात डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं, खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. पोट भरायला माणसं मुंबईला गेली, गिरणीत लागली, कुणी घरगडी झालं. अशा गड्याला 'बाल्या' म्हणून हाक मारायची तिथे पद्धत होती आणि नाचालाही 'बाल्या नाच' म्हणत. नाव कानातल्या बाळीवरून पडलं असंही सांगतात. व्युत्पत्ती काही असो, हे नाव कोण हसत घेतं आणि कोण घेत नाही, एवढं नक्की टिपा.

चाकरमान्यांबरोबर नाच परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी पोचला. गिरण्यांचा १९८२ चा संप झाला, गिरणगाव विस्कटलं, तरी सामने चालूच राहिले. नाट्यगृहात काय होतं ते पाहा: तिकीट घेतलेला माणूस समोर, एकाच बाजूला. त्याला पाठ कशी दाखवणार? आम्ही पाहिलेल्या मुंबईच्या प्रयोगात फेर समोरून उघडला होता, अर्धवर्तुळ झालं होतं, आणि अंगणात पुढच्याच्या टाचेवर असणारी नजर आता बाल्कनीकडे होती. अंगणातला फेर स्वतःशी, बुवाशी आणि गणपतीशी बोलत होता, तो आता गिऱ्हाइकाशी बोलू लागला. मार्क्सवादी समीक्षेतला 'उत्पादनाची परिस्थिती कलेचा आकार ठरवते' हा एरवी जडशीळ वाटणारा मुद्दा इथे आठ माणसांच्या मानेच्या कोनात दिसतो. मला स्वतःला अंगणातला फेर जास्त आवडतो, पण परीक्षणात तो न्यायनिवाडा नको. भाडं, प्रवासखर्च आणि पुढची सुपारी यांचा हिशेब मंडळाला करावा लागतो, मला नाही.

जातीचा प्रश्न विचारायचा तर नकाशा काढा. शिमग्यात पालखी नाचताना खांदा कोण देतं, मान कुणाचा, ढोल कोण वाजवतं, आणि तो वाजवणारा कुठल्या रेषेपर्यंत येतो? पायांचे ठसे काढल्यासारखा हा नकाशा काढला की भाषणाची गरज उरत नाही. लावणीबद्दल समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी दाखवून दिलं की कलेचं कौतुक आणि ती कुठल्या जातीच्या बायकांच्या श्रमांवर उभी आहे हा प्रश्न वेगवेगळे काढता येत नाहीत. तोच धडा इथे गिरवायचा.

शिमग्यावरून आठवलं. रशियन समीक्षक मिखाईल बाख्तिनचा कार्निव्हलचा सिद्धांत पोरांना फार आवडतो: उत्सवात उतरंड उलटते, वरचा खाली, खालचा वर, शिव्या मोकळ्या. फाका, म्हणजे शिमग्यात ओरडायच्या शिवराळ ओळी, ऐकल्या की वाटतं, बाख्तिन इथेच कुठेतरी बसून लिहीत असावा. पण जरा थांबा. त्याच शिमग्यात मानपान वर्षातला सगळ्यात घट्ट असतो, खांदा कुणाचा पहिला यावरून भावकी अबोला धरते. तोंड मोकळं सुटतं आणि पाय मात्र ठरल्या क्रमानेच पडतात. सिद्धांताला असा ओरखडा उठला की लेख जिवंत होतो. तो लपवू नका.

'लोकनृत्य' या पाटीचंही तेच. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जोअॅन केआलीनोहोमोकू यांनी १९७० च्या सुमारास बॅलेकडे एका विशिष्ट जमातीचा नाच म्हणून पाहिलं आणि 'आपली ती कला, दुसऱ्याची ती लोककला' ही सवय उघडी पाडली. शाळेच्या गॅदरिंगमधलं कोळी नृत्य घ्या, हातात वल्हं, डोक्यावर टोपली. मग कोळीवाड्यातल्या हळदीला ब्रास बँडवर नाचणारे कोळी पाहा आणि मोजा, वल्हं कितीदा मारलं जातं. उत्तर काय येईल ते मी सांगत नाही.

नाचणाऱ्याला विचारा, पण तिथेच थांबू नका

जाखडीतलं ते कमरेतून वाकणं पाहून आमच्या गटाने एकमुखाने ठरवलं की ही भातलावणी. आवणातला चिखल, वाकलेल्या पाठी, श्रमाची स्मृती वगैरे. दोन परिच्छेद लिहूनही झाले. मग एका म्हाताऱ्या बुवांना विचारलं. ते मनापासून हसले. "लावनी लावताना गिरकी कोन घेतंय? चिखलात आडवा व्हईल तो!" दोन्ही परिच्छेद गेले.

पण नाचणारा म्हणाला की विषय संपला, असंही नाही. १९६७ मध्ये फ्रेंच समीक्षक रोलां बार्थने लेखकाचा मृत्यू जाहीर केला त्यात तथ्य इतकंच, की कर्त्याचा हेतू म्हणजे कृतीचा पूर्ण अर्थ नव्हे. बुवांनी भातलावणी नाकारली. पण कमरेतून वाकण्याची आणि गुडघा सैल सोडण्याची ताकद ज्या शरीरांत आहे ती शरीरं शेतातच घडली, हे त्यांनी नाकारलं नव्हतं. पहिल्या विधानात नाच भातलावणीचं चित्र होता. दुसऱ्यात भातलावणीने तयार केलेलं अंग नाचतंय. समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्दियू याला हॅबिटस म्हणतो, अंगात मुरलेली सवय. दुसरं विधान टिकतं, कारण ते गिरकीच्या आड येत नाही.

एवढी कसोटी पुरे: सिद्धांतामुळे आधी न दिसलेली एक तरी हालचाल दिसली का? आणि त्याच्या विरोधात जाणारी एक तरी हालचाल तुम्ही मांडलीत का? दोन्हींची उत्तरं 'नाही' असतील तर तो सिद्धांत त्या नाचापुरता बाजूला ठेवून द्या.

लिहायला बसताना

परिच्छेद हालचालीने सुरू करा, प्रश्नाने पुढे न्या, सिद्धांत मध्ये आणा आणि परत हालचालीवर उतरा. सिद्धांतकाराचं नाव लेखात एकदाच पुरे. त्या मुलीने महिनाभराने लिहिलेला परिच्छेद तिच्या संमतीने देतो:

"उजव्या पायात चाळ आहेत, डाव्यात नाहीत. त्यामुळे फेरातलं प्रत्येक दुसरं पाऊल मुकं आहे. गौळणीत बुवा जेव्हा गवळणींची वाट अडवतात तेव्हा नाचणारे वाजणारा पाय पुढे टाकतात. गवळणी उत्तर देतात त्या ओळीला मात्र मुका पाय पुढे येतो आणि अंग मागे कलतं. बाई इथे गाण्यात बोलते, पायात गप्प राहते. पण तिसऱ्या कडव्याला दोन पोरं हा क्रम चुकली आणि गवळणीच्या ओळीवर चाळ वाजले. प्रेक्षकांतल्या बायका तिथेच हसल्या."

'पुरुषी नजर' यात एकदाही नाही. हवी तर आता घालता येईल.

दोन पथ्यं पाळा. मंडळाचं नाव विचारून लिहा, आणि स्त्रीपार्टी करणाऱ्याच्या खासगी आयुष्याबद्दल तर्क लढवू नका, त्याचा नाच तुमच्यापुढे आहे तेवढा बस्स. लेख छापून आला की एक प्रत बुवांना द्या, आणि जमलं तर वाचून दाखवा. वाचून दाखवताना पोकळ वाक्यं तुमची तुम्हालाच कळतात.

जाखडी गणपतीत गाठा, नमन हा इथला दुसरा लोकप्रकार शिमग्याच्या सुमारास. दशावताराचा हंगाम कार्तिकातल्या जत्रांपासून पुढे. सोबत घोंगडी आणि टॉर्च असू द्या, आणि आख्यान संपलं म्हणून उठू नका, पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत थांबा. प्रयोगाआधी नट स्वतःचं तोंड स्वतः रंगवतात, ते पाहायला मिळालं तर जरूर पाहा. राजाची चाल तिथेच, आरशापुढे, अंगात यायला लागलेली असते. आत जाताना चपला बाहेर काढा, पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटा असतो.